चौकशी नको, चौकशीची घोषणा हवी

परवा एका मित्राशी परत तोच वाद झाला, ट्रम्प आणि युक्रेनचा. प्रकरण २०१९चं, ट्रम्पनी युक्रेनची लष्करी मदत अडवून, निवडणुकीतले आपले संभाव्य प्रतिस्पर्धी जो बायडन यांच्याविरुद्ध चौकशी जाहीर करा असा दबाव आणला हा आरोप. त्यावर महाभियोग होऊन निकालही लागून गेला, पण आम्ही दोघं असे तावातावाने भांडतो की जणू सिनेटमध्ये मतदान आम्हालाच करायचंय. त्याचं पालुपद ठरलेलं, "अरे परदेशी मदत म्हणजे काय दानधर्म आहे का, अटी सगळेच घालतात." आणि गंमत म्हणजे हे मला शंभर टक्के मान्य आहे, तरी माझं मत त्याच्या बरोब्बर उलटं आहे.

विसरला असाल तर पटकन सांगतो. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, युक्रेनच्या लष्करासाठी ३९.१ कोटी डॉलर मंजूर केले होते, २५ कोटी पेंटॅगॉनकडून आणि बाकीचे परराष्ट्र खात्याकडून. पूर्वेकडे डोनबासमध्ये २०१४ पासून लढाई चालू, माणसं मरत होती. जुलै २०१९ मध्ये व्हाइट हाऊसने हे पैसे गुपचूप अडवले. २५ जुलैला ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचा फोन झाला, झेलेन्स्की म्हणाले आम्हाला अजून जॅव्हलिन ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं घ्यायचीयत आणि ट्रम्पनी लगेच विषय काढला की आमचंही एक काम करा. आता इथे मित्राला एक मार्क द्यायलाच हवा, कारण ते पहिलं काम बायडनचं नव्हतंच, ते २०१६ च्या निवडणुकीत हॅक झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सर्व्हरचं आणि तो तपासणाऱ्या क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचं होतं. बायडन आणि त्यांच्या मुलाचं नाव फोनवर त्याच्यानंतर आलं. पण आलं.

मित्राचा हुकमी एक्का म्हणजे खुद्द बायडन. "उपाध्यक्ष असताना त्यांनी नाही का युक्रेनची १ अब्ज डॉलरची कर्जहमी रोखून धरली, तिथला मुख्य सरकारी वकील, प्रॉसिक्युटर जनरल शोकिनला काढा म्हणून? आणि २०१८ मध्ये भर कार्यक्रमात ते फुशारकीने सांगितलंही." बरोबर आहे, सांगितलं. आणि मुलगा हंटर तेव्हा बुरिस्मा या युक्रेनी गॅस कंपनीच्या बोर्डवर बसला होता, ते दिसायला वाईटच दिसतं, त्यात मी कुणाची वकिली करणार नाही. पण शोकिनला काढा ही मागणी अमेरिकन सरकारचं उघड धोरण होतं, युरोपातले देशही तेच म्हणत होते, कागदोपत्री, सगळ्यांसमोर. ट्रम्पच्या वेळी मागणी पोचवायला परराष्ट्र खात्याच्या बरोबरीने कोण फिरत होतं? रूडी जुलियानी. सरकारी पद काहीच नाही, ट्रम्पचे खाजगी वकील. देशाचं काम असेल तर खाजगी वकील कशाला लागतो हो?

बरं, भ्रष्टाचाराची काळजी म्हणून पैसे थांबवले असं म्हणावं, तर भ्रष्टाचाराविरुद्ध युक्रेनने पुरेशी पावलं उचललीत असं पेंटॅगॉनने मे महिन्यातच काँग्रेसला लेखी कळवलं होतं. २०१७ आणि २०१८ मध्ये पैसे गेलेच होते, तेव्हा काळजी नव्हती. २०१९ च्या एप्रिलमध्ये बायडन निवडणुकीत उतरले आणि मग काळजी सुरू झाली. आता हा योगायोग असूही शकतो, नुसत्या तारखांवरून मी कुणाला फासावर देणार नाही.

पण माझं मत जिथे पक्कं झालं ती जागा वेगळीच आहे, आणि महाभियोगाच्या गदारोळात ती जरा मागेच पडली असं मला वाटतं. २० नोव्हेंबरला गॉर्डन सॉन्डलँडची साक्ष झाली, हा युरोपियन युनियनमधला अमेरिकेचा राजदूत, ट्रम्पनेच नेमलेला, त्यांच्या शपथविधीला १० लाख डॉलर देणारा. म्हणजे शत्रुपक्षाचा नाही. तो म्हणाला की झेलेन्स्कींना चौकशांची घोषणा करायची होती, माझ्या समजुतीप्रमाणे चौकशी प्रत्यक्षात करायची गरज नव्हती. हे मी तेव्हा दोनदा वाचलं. तुम्हाला खरंच भ्रष्टाचार शोधायचा असेल तर चौकशी हवी, ती गुपचूप झाली तरी चालेल, उलट गुपचूप झालेलीच बरी. नुसती घोषणा, तीही टीव्हीवर, कुणाच्या उपयोगाची? समोरच्या उमेदवाराच्या नावापुढे 'चौकशी चालू' असा शिक्का मारायला ती पुरते, दुसऱ्या कशाला पुरत नाही.

मित्र म्हणतो सॉन्डलँडनेच कबूल केलं की पैशांचा संबंध हा त्याचा अंदाज होता. खरंय, झेलेन्स्कींना हव्या असलेल्या व्हाइट हाऊसच्या भेटीसाठी घोषणेची अट होती याबद्दल तो ठाम होता, पैशांबद्दल दोन अधिक दोन केले म्हणाला. मित्राचा पुढचा मुद्दा, झेलेन्स्की स्वतःच म्हणाले की दबाव नव्हता. अरे अडला हरी गाढवाचे पाय धरी, ज्याला उद्याही त्याच दारात शस्त्रं मागायला जायचंय तो दुसरं काय बोलणार! आणि "शेवटी पैसे दिलेच ना" याला तर मी हसतोच. दिले ११ सप्टेंबरला. हे प्रकरण आतून उघड करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची, म्हणजे व्हिसलब्लोअरची, तक्रार १२ ऑगस्टची, पैसे अडवल्याची बातमी ऑगस्टअखेर फुटलेली, ९ सप्टेंबरला काँग्रेसच्या प्रतिनिधी सभागृहाच्या समित्यांनी या अडवणुकीची चौकशी जाहीर केली. पितळ उघडं पडायला लागल्यावर मूठ उघडली. पुढे जानेवारी २०२० मध्ये जीएओने, म्हणजे काँग्रेसच्या हिशेब तपासनिसांनी, हे पैसे अडवणं १९७४ च्या कायद्याविरुद्ध होतं असंही सांगितलं.

मी अडखळतो ते वेगळ्याच प्रश्नावर. "तुझं सगळं खरं धरलं तरी त्यासाठी निवडून आलेल्या माणसाला घरी पाठवायचं, निवडणूक काही महिन्यांवर असताना?" लमार अलेक्झांडर या रिपब्लिकन सिनेटरची भूमिका साधारण हीच होती, वागणं चुकीचं पण पदावरून काढण्याएवढं नाही, लोकच ठरवतील. ही भूमिका मला पोकळ वाटत नाही. फक्त तक्रारच अशी होती की ती निवडणूक आपल्या बाजूला झुकवायला सरकारी पैसा वापरला, मग त्याच निवडणुकीला न्यायाधीश करायचं हे कसं काय? आणि एवढा विश्वास होता तर ट्रम्पचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बोल्टन यांच्यासारखे साक्षीदार तरी ऐकायचे होते, तेही ५१ विरुद्ध ४९ ने नाकारले. ५ फेब्रुवारीला पहिल्या आरोपावर, म्हणजे सत्तेच्या गैरवापरावर, सिनेटमध्ये ४८ जण दोषी म्हणाले, ५२ निर्दोष, पदावरून काढायला लागणार होते ६७. ट्रम्पच्या पक्षातला एकटा मिट रॉम्नी दोषी म्हणाला.

परवा मित्राने नवीन मुद्दा काढला, "२०२४ मध्ये लोकांनी परत निवडून दिलं, म्हणजे लोकांच्या कोर्टात सुटला." मी म्हटलं मग २०२० मध्ये हरला तेव्हा त्याच कोर्टाने दोषी ठरवला असं धरायचं का? तर म्हणाला, छे, ते वेगळं.