मालकच नाही, तर युनियन कुणाविरुद्ध करायची?

नाशिकच्या गंगापूर रोडला जेहान सर्कलच्या आसपास ऑर्डरची वाट बघत बसलेली डिलिव्हरीची पोरं मला हे हमखास विचारतात. "काका, सातपूर-अंबडला कंपनीचं गेट असतं, मॅनेजर असतो. तिथं युनियन समजू शकते. आमचा मालक म्हणजे मोबाइलमधलं ॲप. आम्ही भांडायचं कुणाशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मालक सापडत नाही, ही तक्रार नवी नाही. माझे वडील लासलगावच्या मार्केटात हमाल. सकाळी एका आडत्याकडे गाडी खाली करायची, दुपारी दुसऱ्याच्या खळ्यावर कांदा भरायचा, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक. काम सगळ्यांचं, पण हमाल कुणाचाच नाही. पोत्याखाली पाय मुरगळला तर ज्याच्या खळ्यावर मुरगळला तोही म्हणणार, हा आमचा माणूसच नव्हे.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना उभी केली, तीही याच अडचणीतून. 1969 साली माथाडी कायदा झाला. या कायद्याची गंमत अशी की 'खरा मालक कोण' या वादात तो अडकलाच नाही. व्यापारी वीस असोत नाहीतर पन्नास, सगळ्यांनी एका बोर्डाकडे नोंदणी करायची, हमालांच्या टोळ्यांनीही करायची. हमाली बोर्डात भरायची आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे हमालीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम. मजुरी बोर्ड देणार. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे लेव्हीतून निघणार. बोर्डावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे असे तिघांचे प्रतिनिधी. वडील निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीचा चेक आला, तर आईने तो पाठपोट उलटून पाहिला. हमालाला असले पैसे मिळतात यावर तिचा विश्वासच बसेना.

आता तुमचं बघा. टोळीचा मुकादम वहीत लिहायचा आणि त्यावरून निम्मी भांडणं व्हायची. तुमची तर प्रत्येक ऑर्डर, किलोमीटर, मिनिट कंपनीकडे आपोआप नोंदलं जातं. लेव्ही कापायला याहून सोपा धंदा नसेल! 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही सोय आहे: ॲपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची, मात्र कामगारांना दिलेल्या पैशाच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ती संहिता लागू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडलं. राजस्थानने 2023 मध्ये आपला वेगळा कायदा केला, कर्नाटकाने 2025 मध्ये. कर्नाटकात कामगाराचा आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, बंद करायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. आपल्याकडे सकाळी ॲप उघडत नाही तेव्हा कळतं, नोकरी गेली.

पण माथाडीचं नुसतं कौतुक करून भागत नाही. लेव्ही कुणाच्या खिशातून जाणार, हा खरा झगडा. 2024 च्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यात हमाली-तोलाई (माल उचलण्याची आणि तोलण्याची मजुरी) आणि लेव्हीच्या वादात कांद्याचे लिलाव ठप्प झाले. व्यापारी आणि हमाल एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि ट्रॅक्टर घेऊन ताटकळला शेतकरी. लेव्ही शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापली तर हमालाच्या म्हातारपणाचा भार दुसऱ्या गरिबावर पडतो. माझ्या मते ती ज्याला नफा होतो त्यानेच द्यावी. आणि माथाडीचं नाव सांगून कारखान्यांकडून खंडणी उकळणारे आहेतच. त्यांनी या कायद्याची जेवढी अब्रू घालवली तेवढी कुठल्या मालकालाही जमली नसती.

म्हणून भांडायचं कुणाशी, तर पैसा ज्या हातांतून जातो त्यांच्याशी, आणि नियम करणाऱ्या सरकारशी. कंपनीचे मालक अमेरिकेत असोत नाहीतर गुरुग्रामला, ऑर्डर नाशिकची असते आणि कामगार उपायुक्तांचं ऑफिसही नाशिकलाच आहे. तिथं एकटा गेलात तर अर्ज आवक-जावक टेबलावर पडून राहील. शंभर जण गेलात तर साहेब निदान खुर्ची देतील. तोपर्यंत ई-श्रम या केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, आणि रोजच्या कमाईचा स्क्रीनशॉट काढत जा. आयडी बंद झाला की ॲपमधला हिशोबही गायब होतो.