ग्लॉस्टरच्या चिखलात ४० मिनिटं

शनिवारी पहाटे साडेपाचला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरहून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर दव होतं. मागच्या रॅकवर दोन सायकली, डिकीत दोन बादल्या, ब्रश, जुने टॉवेल, पाण्याचे कॅन आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. मागच्या सीटवर लेक शाल पांघरून झोपली होती. ती १६ वर्षांची आहे आणि गेले तीन सीझन माझा पिट, म्हणजे शर्यत चालू असताना सायकल बदलायची जागा, तीच सांभाळते. १२८ नंबरचा हमरस्ता जिथं संपतो तिथं ग्लॉस्टर. त्यापुढे अटलांटिक.

मी ४७ वर्षांची आहे. सप्टेंबर ते डिसेंबर माझे शनिवार-रविवार सायक्लोक्रॉसचे असतात. हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगते. बागेत किंवा माळावर फिती बांधून साधारण तीन किलोमीटरचा फेरा आखतात. त्यात गवत, वाळू, चिखल, झाडांची मुळं, चढ आणि मुद्दाम आडव्या लावलेल्या फळ्या. जिथं पेडल मारून भागत नाही तिथं उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. शर्यत घड्याळावर चालते. आमच्या गटाला ४० मिनिटं. पहिल्या फेऱ्यांना किती वेळ लागला ते बघून पंच एकूण फेरे ठरवतात आणि शेवटच्या फेऱ्याला घंटा वाजते. मी मास्टर्समध्ये खेळते, म्हणजे पस्तिशीच्या पुढच्यांत. त्यात माझा गट ४५ च्या वरच्या बायकांचा.

शर्यत होती स्टेज फोर्ट पार्कमध्ये, अगदी समुद्राला लागून. यातलं ‘स्टेज’ म्हणजे मासे वाळवायचं मचाण. १६२३ साली इंग्लंडहून आलेल्या कोळ्यांनी याच किनाऱ्यावर बस्तान बसवलं. पार्कच्या अलीकडे समुद्राकाठच्या रस्त्यावर सुकाणू धरलेल्या कोळ्याचा १९२५ सालचा पुतळा आहे. तो सगळ्यांना माहीत असतो. मी थांबते ती दुसऱ्यापाशी. मुलांना घेऊन समुद्राकडे बघत उभी असलेली कोळ्याची बायको. तिचा पुतळा बसवला २००१ साली, म्हणजे तब्बल ७६ वर्षांनी.

आमच्या खेळातही तसंच झालं. सायक्लोक्रॉसची पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. जाँ रोबिक जिंकला, जो त्याआधी १९४७ ची टूर द फ्रान्स जिंकला होता. बायकांची पहिली झाली २००० साली, नेदरलँड्समध्ये, आणि जर्मनीची हांका कुप्फरनागेल जिंकली. मधली ५० वर्षं बायका चिखलात पळू शकत नव्हत्या की काय? मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. म्हणून पन्नाशीच्या, साठीच्या बायका पाठीवर नंबर टाचून माझ्या आजूबाजूला रेषेवर उभ्या राहतात तेव्हा शिट्टी वाजायच्या आधीच माझा ऊर भरून येतो.

शनिवार कोरडा गेला. जमीन टणक, वारा समुद्राकडून, फेरे जलद. मी टायरमध्ये २४ पीएसआय, म्हणजे जरा जास्तच दाबाची हवा ठेवली आणि तीच चूक झाली. आडव्या उतारावर, जिथं एक चाक जरी घसरलं तरी सगळं खाली जातं, तिथं दुसऱ्या फेऱ्यात मागचं चाक सुटलं. कोपर सोललं, चेन उतरली, ती बसवेपर्यंत सहाजणी पुढे गेल्या. २७ जणींत १९ वी आले.

रात्री मोटेलच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला आणि मला झोपच येईना. भीतीनं नव्हे. मला तो आवाज ओळखीचा होता.

माझं माहेर भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. भाताची खाचरं. चिखलणी झाली की लावणीला उतरायचं, पाय पोटरीपर्यंत आत जायचा. मी लहान होते, पाय ओढायला गेले की चिखलात बसकण मारायचे. आत्या म्हणायची, “ओढू नकोस गं. आधी टाच सोडव, मग बोटं.” टाच वर आली की खाली हवा शिरते आणि चिखल पाय सोडतो. हे मी सात-आठ वर्षांची असताना शिकले. शर्यतीत कामाला येईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नात असणार?

रविवारी सकाळी मी आधी फेरा पायी चालून आले. समुद्राच्या भिंतीकडचा चिखल वाळूमिश्रित होता. तो त्रास देत नाही, धुऊन जातो. मधल्या मैदानात पातळ राड, तिच्यातून चाक आपोआप वाट काढतं. चढाच्या पायथ्याशी मात्र काळा, भिजवलेल्या कणकेसारखा चिखल, त्यात शेकडो चाकांनी तुडवलेलं गवत मिसळलेलं. सायकलचा जीव घेतो तो हाच. फ्रेम आणि चाकाच्या मध्ये भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. हवा १९ पीएसआयवर आणली. लेकीला सांगितलं, दर फेऱ्याला सायकल बदलायची. पिटमधली दुसरी सायकल तिचीच आहे.

३५ च्या वरचा गट आमच्याआधी एक मिनिट सुटला. मग आमची शिट्टी. पहिल्या वळणापर्यंत मी मागेच राहिले. चढाच्या पायथ्याशी आले तर समोर बऱ्याच जणी पेडल मारत रुतल्या होत्या. मी दहा पावलं आधीच उतरले. उजवा हात खालच्या नळीखालून पुढे, वरची नळी खांद्यावर, बोटांत हँडल. मग बुटांच्या टोकाचे खिळे रोवत, आधी टाच, मग बोटं. त्या एका चढावर चौघींना मागे टाकलं. पुढच्या फेऱ्यात आणखी दोघी.

पिटमध्ये शिरताना लेकीनं तिची सायकल धावत पुढे धरलेली असायची. मी उडी मारून बसायचे, माझी सायकल मागे सोडायचे आणि बादलीत ब्रश बुडाल्याचा आवाज ऐकतच पुढे जायचे. घरी ती इंग्रजीत बोलते, पण फितीच्या पलीकडून ओरडते मराठीत: “आई, हिरवी आठ सेकंद पुढे! पळ!”

हिरवी म्हणजे हिरव्या जर्सीतली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असावी. सपाटीवर ती मला सोडून जायची, चढावर मी तिला गाठायचे. घंटा झाली तेव्हा आम्ही खांद्याला खांदा लावून होतो. शेवटचं आडवं वळण सरळ बसून निघणार नाही हे मला कळलं, मी उतरून पळाले. ती बसूनच आली आणि तिला जमलं. कसं जमलं ते मी अजून आठवून बघते: नजर लांब, बाहेरचं पेडल खाली, हात अगदी सैल. फार देखणं होतं ते. ती १२ वी, मी १३ वी, मध्ये एका सायकलचं अंतर.

नंतर पाण्याच्या पाइपपाशी रांग लागली. नख शिरेल इतका जाड थर पोटऱ्यांवर वाळत होता. लेकीनं चहा ओतला, हिरवीलाही दिला. आल्याचा झटका बसून ती क्षणभर गप्प झाली, मग पेला पुन्हा पुढे केला. म्हणाली, “त्या चढावर तू पळत नव्हतीस, काहीतरी वेगळंच करत होतीस. काय ते?”

मी तिला आत्याचं सांगितलं. भाताचं सांगितलं. टाच आणि बोटं हातांनी करून दाखवली, पण हातांनी ते नीट कळत नाही.

तिनं पेला बोनेटवर ठेवला आणि बुटांच्या पट्ट्या सोडायला लागली.