चॉकलेट टॉफी: पाक जमला, आता चकाकी

टॉफीचा कडक थर आता भरवशाचा झालाय, त्यामुळे त्याचं थोडक्यात लिहिते. २०० ग्रॅम अमूल बटर, तेवढीच साखर, दोन मोठे चमचे पाणी. बटर खारं आहे, वेगळं मीठ नको. जाड बुडाचं पातेलं, आच मंद, साखर पूर्ण विरघळल्याशिवाय उकळी येऊ द्यायची नाही. पाणी आटेपर्यंत पारा रेंगाळतो, १३० अंशांनंतर मात्र भराभर चढतो. तिथून पुढे फोन उचलायचा नाही. मध्येच तूप सुटायला लागलं तर आचेवरून उतरवून चमचाभर गरम पाणी घालायचं आणि हलक्या हाताने ढवळायचं. बहुतेक वेळा परत मिळून येतं.

थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून कृतीत १५० लिहिलं असेल तर मी १४८ ला उतरवते. थर्मामीटर नसेल तर चिक्कीवाल्यांची परीक्षा आहेच: थंड पाण्यात थेंब टाका, काडकन तुटला पाहिजे.

दाणे भाजलेले आणि गरमच घाला. गार दाण्यांनी पाक एकदम आवळतो. बदामाची टॉफी छान लागते, पण माझं मत शेंगदाण्याला. एवढ्या बटरात काजूची चवच हरवते. (घरात हे कोणालाही मान्य नाही.)

आता चॉकलेट. बऱ्याच कृतींत गरम टॉफीवरच तुकडे पसरून वितळवायला सांगतात. त्याच दिवशी फस्त करणार असाल तर ठीक. पण इतक्या उष्णतेत कोको बटरची घडी (म्हणजे त्याच्या स्फटिकांची रचना) मोडते, दोन-चार दिवसांत वर राखाडी पट्टे येतात आणि बोट लावताच चॉकलेट वितळतं. म्हणून मी वडी पूर्ण गार करते, वरचा तुपकटपणा टिशूने टिपते (नाहीतर चॉकलेटचा पापुद्रा सुटून येतो) आणि मग टेंपर केलेलं, म्हणजे ठरावीक तापमानांना गरम-गार करून ती घडी नीट बसवलेलं, डार्क चॉकलेट लावते. दोन तृतीयांश चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, खाली उतरवून उरलेलं बारीक चिरून घालायचं, ढवळत २८ पर्यंत आणायचं, पुन्हा ३१ पर्यंत किंचित गरम करायचं. सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाचेक मिनिटांत चकाकीसह घट्ट झालं तर जमलं. घटकांत कोको बटर असलेलंच चॉकलेट घ्या. कंपाउंडला (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटला) यातलं काहीच लागत नाही, पण त्याचा तेलकट थर जिभेवर रेंगाळतो.

एप्रिल-मेच्या दुपारी हा उद्योग नकोच. स्वयंपाकघरच ३२ अंशांच्या वर असेल तर चॉकलेट घट्ट होणार कसं? पहाटे उरका, नाहीतर एसीच्या खोलीत. फ्रिजमध्ये दहा मिनिटं चालतील. जास्त ठेवलं तर बाहेर काढल्यावर दव धरतं.

सध्या अडलंय ते कडांपाशी. दोन्ही बाजूंनी चॉकलेट लावलं तरी वडी फोडल्यावर टॉफीची कड उघडी पडते, आणि पावसाळ्यात तीच आधी चिकट होते. त्यामुळे पुढची खेप कोमट असतानाच कापून एकेक तुकडा सगळीकडून चॉकलेटमध्ये बुडवणार आहे. कापायला वेळ जेमतेम मिनिट-दोन मिनिटांचा मिळतो, सुरीला बटर लावून ठेवावं लागेल. बुडवायला कोणी साधा जेवणाचा काटा वापरतं का? खाली चॉकलेटचं थारोळं न होता तुकडा सुटतो का, ते सांगा.