केळं येतं, लवंग कुठे जाते?

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायची जागा, सुरू झाली. (नाव नाशिकजवळच्या देवळालीचं, तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघणाऱ्या इंग्रज सोल्जरांनी त्याचं ‘डूलाली’ केलं.) आज शहरातल्या छोट्या ब्रुअऱ्यांत हेफेवायझन, म्हणजे गव्हाची जर्मन बिअर, हमखास मिळते. ब्रुअरी पारखायची तर हीच आधी मागवावी.

ग्लास नाकाशी नेला की पिकलेलं केळं बहुतेक ठिकाणी येतं, लवंग क्वचित. लवंगेचा वास यीस्टच तयार करतं, पण त्यासाठी लागणारं फेरुलिक आम्ल माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, सुटावं लागतं. ते सुटतं ४४ अंशांवर, पंधरा-वीस मिनिटांत. मॅशच्या, म्हणजे माल्ट भिजवायच्या, टाकीला गरम करायची सोय नसली की माल्ट सरळ ६६ अंशांवर भिजवतात आणि लवंग तिथेच हुकते. खरं तर सोपं आहे: आधी माल्ट किलोला दोन लिटर पाण्यात ४४ अंशांवर घट्ट कालवून तेवढा वेळ ठेवायचं, मग किलोमागे पावणेदोन लिटर उकळतं पाणी हळूहळू घालत ६६ गाठायचं.

पाचशे लिटर बिअरला गव्हाचं माल्ट ५२ किलो, पिल्सनर (बार्लीचं फिकट) माल्ट ४३ किलो. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे गाळताना लगदा बसतो. तीन-चार किलो भाताचा तूस धुऊन मिसळला की पाणी वाहतं. तरीही अडलं तर पंप जोरात ओढू नका, थर आणखी दाबला जातो. पंप बंद करा, खालून गरम पाणी सोडून थर उचला, मग सावकाश सुरू करा. हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, थोडेच: चार टक्के अल्फाचे (अल्फा म्हणजे त्यातलं कडू आम्ल) सहाशे ग्रॅम, उकळी फुटताच, तासभर.

पाण्याचं मात्र फार सांभाळावं लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि लवंगेचा वास देणारं रसायन, फेनॉल, एकत्र आलं की बिअरला दवाखान्यातल्या बँडेजचा वास येतो, आणि तो पुढे कशानेही जात नाही. कार्बन फिल्टर वेळेवर बदला.

यीस्ट १८ ते २० अंशांत राहायला हवं. मे महिन्यात नुसत्या साठवणीच्या टाकीतल्या पाण्याने वर्ट, म्हणजे माल्टचा उकळलेला गोड रस, तेवढा गार होत नाही. गार करायच्या दुसऱ्या टप्प्याला चिलरचं पाणी लागतंच. २४च्या वर गेलं की केळ्याचं बबलगम होतं आणि घशात दारूचा चटका राहतो.

फसफस थांबली की दोन दिवस तसंच ठेवून मग गार करा. लिंबाची फोड नको, तिच्या सालीतल्या तेलाने फेस बसतो. टाकीत यीस्ट तळाला बसतं. म्हणून पहिला ग्लास गाळाचा आणि नंतरचे निवळ निघतात. रोज नळ उघडण्याआधी तळातून थोडा कार्बन डायऑक्साइड सोडला की सगळे ग्लास सारखे गढूळ येतात, जसे यायला हवेत.