लिस्ट<मॅनेजर> ला लिस्ट<एम्प्लॉयी> म्हणून का चालवून घेत नाहीत?

मॅनेजर हा एम्प्लॉयीच आहे ना, क्लास तिथूनच डिराइव्ह केलाय, मग मॅनेजरांची लिस्ट एम्प्लॉयींच्या लिस्टच्या जागी द्यायला गेलं की सी शार्पचा कंपायलर लाल रेघ का मारतो? नवीन माणूस यावर हमखास वैतागतो. पण समजा कंपायलरने जाऊ दिलं असतं, तर लिस्ट तीच, फक्त आता ती एम्प्लॉयींची म्हणवते, मग कोणी ॲड करून त्यात ड्रायव्हर टाकला तर त्याला अडवणार कोण, ड्रायव्हरपण एम्प्लॉयीच की! आणि तिकडे मूळ लिस्टवाला बिनधास्त लूप फिरवून प्रत्येकाला टीम साइज विचारतोय, जी ड्रायव्हरकडे नसतेच...

गंमत म्हणजे ॲरेला हे सगळं चालतं. सी शार्पमध्येही आणि जावामध्येही. मॅनेजरांचा ॲरे एम्प्लॉयी ॲरे म्हणून पुढे द्या, कंपायलर चकार शब्द काढत नाही, आणि ड्रायव्हर टाकायला गेलात की रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, ॲरे टाइप मिसमॅच एक्सेप्शन, जावात ॲरे स्टोअर एक्सेप्शन. मला विचाराल तर लाल रेघ परवडली.

मग लोक करतात काय, तर लिस्टवर कास्ट (प्रत्येक घटक हव्या त्या टाइपचा म्हणून देणारी मेथड) लावून पुढे टूलिस्ट (त्यातून लिस्ट बनवणारी). चालतं, पण ती नवीन लिस्ट असते हे विसरतात. आतले ऑब्जेक्ट मात्र जुनेच, त्यामुळे कोणाचा पगार बदलला तर दोन्हीकडे दिसतो पण नवीन माणूस ॲड केला तर एकीकडेच, आणि मग डीबग करत बसा.

नुसतं वाचायचंच असेल तर कॉपी हवीच कशाला? फंक्शनचा पॅरामीटर आयइन्युमरेबल<एम्प्लॉयी> ठेवा, म्हणजे नुसतं एकेक करून वाचता येणारं काहीही, २०१० च्या सी शार्प ४ पासून मॅनेजरांची लिस्ट त्यात सरळ जाते, कारण त्यात आत टाकायची सोयच नाही. काउंट, इंडेक्स लागत असेल तर आयरीडओन्लीलिस्ट, तीही फक्त वाचायचीच. जावात हेच काम लिस्ट<? एक्स्टेंड्स एम्प्लॉयी> करतं. फक्त हे रेफरन्स टाइपपुरतंच हं, म्हणजे क्लाससारख्या टाइपपुरतं, इंटची लिस्ट ऑब्जेक्टच्या आयइन्युमरेबलमध्ये जात नाही.

उलट दिशेला, म्हणजे एम्प्लॉयींमधून मॅनेजर काढताना, कास्ट आणि ऑफटाइप यात लोक गफलत करतात. ऑफटाइप ड्रायव्हरला गुपचूप वगळतो, कास्ट एक्सेप्शन फेकतो, तेही कास्टच्या ओळीवर नाही तर पुढे लूप त्या ड्रायव्हरपर्यंत पोचल्यावर. सगळे मॅनेजरच असायला हवेत अशी खात्री असेल तिथे मी कास्टच लावतो, रिपोर्टमधून माणसं न सांगता गायब होण्यापेक्षा एक्सेप्शन बरं.