हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी धर्माला काय विचारायचं

वडील जातात. तेरावं उरकतं, पाहुणे पांगतात, आणि बहिणी सासरी निघायच्या आत कुणीतरी विषय काढतं, "आलीच आहेस तर उद्या तालुक्याला जाऊन सही करून टाक, पुन्हा कुठे हेलपाटा घालतेस?" कागद असतो हक्कसोडपत्राचा. सोबत एक साडी, एक खण आणि हमखास ऐकू येणारं वाक्य: "बहिणीनं माहेरात हिस्सा मागणं आपल्या धर्मात बसत नाही."

हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं की ते कुणी तपासतच नाही. धर्माच्या नावानं निर्णय घ्यायचा असेल तर तो धर्माच्याच पद्धतीनं घ्यावा, आणि ती पद्धत आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या पहिल्या अध्यायात धर्माची मुळं सांगितली आहेत: श्रुती, स्मृती, सदाचार, स्वतःच्या मनाला पटणं, आणि पाचवं, "सम्यक्संकल्पजः कामः", म्हणजे नीट विचारातून उपजलेली इच्छा. मनुस्मृतीत पहिली चार आहेत. यातला सदाचार म्हणजे सज्जनांचं वागणं. आपली गल्लत होते ती इथेच. "आमच्यात असंच चालतं" ही रूढी झाली, आणि रूढी सदाचार आहे की नाही हे वेगळं पाहावं लागतं. मनूनं तर चौथ्या अध्यायात असंही म्हटलंय की जो धर्म पुढे दुःख आणतो आणि लोकांना सलतो तोसुद्धा सोडावा. जुना नियम म्हणून तो धरून ठेवलाच पाहिजे, असं स्मृतिकारच म्हणत नाहीत.

आता बहिणीच्या हिश्शाबद्दल स्मृती काय म्हणते? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात भावांना आज्ञा आहे की प्रत्येकानं आपापल्या हिश्शातला चौथा भाग बहिणींना द्यावा, आणि पुढचे शब्द आहेत "पतिताः स्युरदित्सवः", म्हणजे द्यायला जे राजी नाहीत ते पतित. हे वचन अविवाहित बहिणीपुरतं आहे आणि चौथा भाग म्हणजे बरोबरीचा वाटा नव्हे, हे खरं. पण पाप कुणाच्या माथी बसतं ते बघा. मागणाऱ्या बहिणीच्या नाही, न देणाऱ्या भावाच्या. याज्ञवल्क्यही तेच सांगतो. त्याच्या स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत विज्ञानेश्वरानं मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांची वाटणी शेकडो वर्षं तिच्याच आधारानं झाली. उत्तर कोकणात व्यवहारमयूख या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं वजन जास्त, आणि त्यात तर बहिणीला वारसांच्या रांगेत पुष्कळ वरची जागा दिलेली आहे. तेव्हा "धर्मात बसत नाही" म्हणणाऱ्याला आधी विचारावं, कुठल्या?

पण हिस्सा घ्यायचा की सोडायचा हा प्रश्न एवढ्यानं सुटत नाही. सोडण्यातही धर्म असू शकतो. भाऊ कोरडवाहू जमिनीवर कसाबसा तगून आहे, बहीण सुस्थितीत आहे, तिनं आपण होऊन सोडलं तर ते दान आहे. मात्र दानाला धर्मशास्त्रानं अटी घातल्या आहेत, आणि त्या अटींवर आजची बहुतेक हक्कसोडपत्रं टिकत नाहीत.

नारदस्मृतीत दिलेल्या वस्तूंचं एक प्रकरण आहे. त्यात 'अदत्त' दानाचे सोळा प्रकार मोजले आहेत. अदत्त म्हणजे देऊनही न दिल्यासारखं, परत मागता येईल असं. सुरुवातीलाच यादी येते: भय, क्रोध, शोक यांच्या भरात दिलेलं. पुढे लाच, थट्टा, फसवणूक, आणि देणारा मूढ, पराधीन किंवा पीडित असताना दिलेलं. 'शोक' हा शब्द तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच्या त्या सहीशेजारी ठेवून पाहा. 'भय' हा शब्द "सही नाही केलीस तर माहेर तुटलं समज" या वाक्याशेजारी ठेवा. सातबारा न दाखवता, क्षेत्र न सांगता घेतलेली सही 'फसवणूक' या शब्दाशेजारी ठेवा. गीतेच्या सतराव्या अध्यायात जे दान "परिक्लिष्टं", म्हणजे जिवावर येऊन दिलेलं, ते राजस, म्हणजे सात्त्विकाहून खालचं, म्हटलं आहे. बहीण सही करताना रडत असेल, तर भावानं हा शब्द आठवावा.

म्हणून सोडण्याआधी आपण नेमकं किती सोडतोय ते माहीत हवं. एक साधा हिशेब करू. वडिलोपार्जित ६ एकर, म्हणजे २४० गुंठे. वडील मृत्युपत्र न करता २००५ नंतर वारले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. आधी वडील हयात आहेत असं धरून कल्पित वाटणी करायची: वडील, आई, तीन मुलं, प्रत्येकी पाचवा हिस्सा, ४८ गुंठे. मग वडिलांचे ४८ गुंठे चौघा वारसांत, प्रत्येकी १२. एकूण प्रत्येकाला ६० गुंठे. बहिणीचा हक्क जन्मापासूनचा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत कागदानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल तर हिशेब सरळ: चौघांना समान; वडिलांची आई हयात असेल तर तीही पाचवी.

आता भावाची बाजू, कारण धर्म एकतर्फी हिशेब करत नाही. ज्या भावानं घर धरलं, विहीर खणली, पाइपलाइन आणली, विकास सोसायटीचं कर्ज फेडलं, आईवडिलांचं दवाखान्याचं सगळं पाहिलं, त्याचे कष्ट हवेत सोडून क्षेत्रफळ तेवढं समान कापणं हाही अन्यायच. यावर उपाय एक वही. पाने आखून लिहा: कुठलं काम, कोणत्या साली, किती खर्च, पैसा कुणाचा. विहीर वडिलांच्या हयातीत शेतीच्या उत्पन्नातून झाली असेल तर ती सगळ्यांची. भावाच्या पगारातून झाली असेल तर तेवढी रक्कम आधी बाजूला काढा, मग वाटणी. आणि ज्या बहिणीनं बरोबरीचा हिस्सा घेतला तिच्यावर आईची जबाबदारीही बरोबरीची येते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यानं मुलीलाही ती झटकता येत नाही, पण त्याच्या कितीतरी आधी महाभारतातल्या व्याधगीतेत मिथिलेचा खाटीक वेद शिकायला आईवडिलांना सोडून आलेल्या कौशिकाला हेच सुनावतो की आधी घरी जा. वाटा घेऊन पुण्यात राहायचं आणि आईला भावाच्या पदरात टाकायचं, हे धर्माच्या कुठल्याच मुळात सापडणार नाही.

सल्ला कुणाचा घ्यायचा? तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण पुरं करून निघालेल्या शिष्याला सांगितलंय, वागण्याबद्दल शंका आली तर विचारी, जाणकार, कुणाच्या सांगण्यावरून न बोलणारे, कठोर नसलेले आणि धर्माचीच चाड असलेले लोक जसे वागतील तसं वाग. माझ्या मते यातली सगळ्यात दुर्लक्षित अट "कुणाच्या सांगण्यावरून न बोलणारे" ही आहे. आपल्याकडे मध्यस्थी मामा करतो. त्यानं स्वतःच्या बहिणीकडून, म्हणजे तुमच्या आईकडून, हक्कसोड घेतलेलं असेल तर त्याला या प्रश्नात बसवू नये. भावानं फी दिलेल्या वकिलाचा मसुदा बहिणीनं दुसऱ्या वकिलाला दाखवावा. त्यात अविश्वास नाही.

आता प्रत्यक्ष क्रम. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या, आणि त्यात आई व मुलींसकट सगळ्यांची नावं लिहा. वारसनोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच फेरीत उरकायचा आग्रह झाला तर थांबा. फेरफाराची, म्हणजे नोंदबदलाची, नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. नोंद झाल्यावर सातबारा हातात घेऊन पाहा: बहिणींची आणि आईची नावं भोगवटादारांत, म्हणजे जमिनीच्या धारकांत, आहेत की खाली 'इतर अधिकार' या रकान्यात सरकवली आहेत? ही जुनी खोड आहे आणि पुढची निम्मी भांडणं तिथून निघतात. त्या रकान्यात असतील तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या.

सोडायचंच ठरलं तर वर्षश्राद्धापर्यंत थांबावं, असं माझं ठाम मत आहे. शोक ओसरतो, वही पुरी होते, आणि मग जी इच्छा उरते तिला 'सम्यक्संकल्प' म्हणता येतं. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा पुढचा हक्क सोडून घेतलेला कागद कायद्यात शून्य आहे. ती सही घेऊ नका, देऊ नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, नोटरीचा शिक्का पुरत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी. कुणाच्या लाभात सोडतोय त्याचं नाव लिहा, कारण दोन भावांपैकी एकाला द्यायचं मनात असताना कागद मोघम राहिला की दुसरा उभा राहतो. हक्कसोड सहहिस्सेदारालाच करता येतं. भाच्याला द्यायचं असेल आणि तो त्या मिळकतीत हिस्सेदार नसेल तर ते बक्षीसपत्र होतं आणि मुद्रांकाचा हिशेब बदलतो. गट नंबर, क्षेत्र आणि आपला हिस्सा आकड्यात लिहा. "माझा जो काही हक्क असेल तो" अशा ओळीवर सही करू नका. त्यात न पाहिलेला गावठाणातला वाडाही जातो.

आणि मुलींच्या सह्या घेताना त्याच कागदावर आईचीही सही घेतात, ती घेऊ नये. वरच्या हिशेबातले तिचे ६० गुंठे तिच्या नावावर राहू द्यावेत. मुलाला द्यायचेच असतील तर आईचं वय साठच्या पुढे असताना केलेल्या त्या कागदात "मुलानं सांभाळ करावा" ही अट स्पष्ट लिहिलेली हवी. ती मोडली तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली आई प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे जाऊन तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते.