मनाची तयारी कशी केलीत?

"तुमचा व्यायाम दिसतोच आहे, पण त्यासाठी मनाची तयारी कशी केलीत?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी, इतक्या वेळा विचारला आहे की आता एकदाच नीट उत्तर लिहिते. विचारणाऱ्यांना माझं गुडघ्याचं ऑपरेशन, कुबड्या, नंतरचं चालणं, वजनं उचलायला लागणं, सगळं माहीत आहे. ते पुन्हा उगाळत नाही.

उत्तर असं आहे की मनाची तयारी मी केलीच नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मी काहीतरी लपवते आहे असं त्यांना वाटतं. मग "नाही हो, तुमची इच्छाशक्तीच दांडगी" असं म्हणून विषय मिटवला जातो. या वाक्याचा मला राग येतो. त्यात माझं कौतुक कमी आणि बोलणाऱ्याची सुटका जास्त असते. आपल्या माणसांबद्दल असं लिहिणं बरं वाटत नाही, पण राग येतो हे खरं आहे.

इच्छाशक्ती म्हणजे काय, हे मला कळलं ते गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, नव्याने बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत. पलंगावर पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "गुडघा खाली दाबा, मांडी आवळून धरा." मी दाबला. काहीच झालं नाही. दुसऱ्या पायाची मांडी सांगताक्षणी टणक होत होती. ही मात्र मऊ, पसरलेली, तशीच पडून. मी दात आवळले, श्वास रोखला, कपाळावर घाम आला. मांडीवर तळहात ठेवून पाहिलं तर साधी थरथरसुद्धा नाही. ऑपरेशनचं दुखणं मी सोसलं होतं. दुखरा असला तरी तो माझाच पाय होता. हा पाय माझं ऐकतच नव्हता. मला रडू आलं. आणि रडताना मनात पहिलं काय आलं असेल, तर हेच, की मी पुरेसं मनापासून करत नाहीये. मी कच्ची आहे. एका स्नायूला साधी आज्ञा देता येत नाही मला!

त्या थांबल्या. माझं रडणं ओसरू दिलं आणि मग समजावून सांगितलं. सांधा सुजला की तिथून मज्जारज्जूकडे असे संदेश जातात की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा वाटेतच दाबली जाते. निरोगी माणसांच्या गुडघ्यात नुसतं सलाइन भरून हे तपासलेलं आहे. 20 ते 30 मिलीलिटर पाणी गेलं तरी गुडघ्याच्या आतल्या बाजूचा मांडीचा स्नायू मंदावतो. ना दुखापत, ना ऑपरेशन, इच्छा शाबूत, तरी स्नायू ढिला. "यात तुमचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "ठरल्या वेळी दाबायचं. मांडी आवळली तर छान. नाही आवळली तरी आजचं झालं असं धरायचं."

मी तेवढंच केलं. सकाळी दात घासून झाले की, दुपारी आडवं व्हायच्या आधी, रात्री दिवा मालवताना. मधूनमधून त्या मांडीला पॅड लावून विजेचे हलके झटके द्यायच्या, तेव्हा स्नायू उडायचा आणि मला भलतीच आशा वाटायची. पॅड काढले की पुन्हा शांत. एके दुपारी गुडघ्याच्या वाटीच्या वरचा भाग किंचित ओढला गेला. त्या क्षणी मी कसलाही निर्धार केलेला नव्हता. कंटाळलेली होते आणि डोक्यात भलताच विषय चालू होता.

म्हणून तुम्ही मनाची तयारी विचारता तेव्हा मला ती दुपार आठवते. इच्छा पुरेपूर होती तेव्हा पाय हलला नाही, आणि हलला तेव्हा इच्छेचा पत्ता नव्हता.

ऑपरेशनच्या आधीच्या मला हे पटलं नसतं. ती दर नव्या वर्षी जोरात सुरुवात करायची आणि एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यायची. 21 दिवसांत कुठलीही सवय लागते, यावर तिचा विश्वास होता. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या लिखाणातून पसरला. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीनेक आठवडे लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. व्यायामाचा त्यात संबंध नव्हता. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयी 12 आठवडे नोंदवल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा 66 दिवस निघाला, आणि माणसागणिक अंदाज 18 पासून 254 पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर, असं वाटतं.

पण ती जुनी मी गप्प बसत नाही. ती म्हणते, "तुला पर्याय कुठे होता? केलं नसतंस तर लंगडत राहिली असतीस. रोज विचारणारं माणूसही होतं. ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याला पहाटे कोण उठवणार?" हे मला आजही खोडता येत नाही. भीती नसती तर मी टिकले असते का, खरंच सांगता येत नाही. आता भीती उरलेली नाही, तरी चालू आहे. ते सवयीने की पुन्हा तसं पडून राहावं लागेल या धास्तीने, हेही ठरत नाही. अजूनही नुसते बूट घालून दारापर्यंत जाऊन परत येते, तो दिवस मी झाला असंच धरते. ही स्वतःची समजूत काढणं आहे का? असेल.

"आता या वयात काय" म्हणणाऱ्यांना मात्र मी सोडत नाही. 1966 मध्ये डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. 30 वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर श्रम करण्याची त्यांची क्षमता वयाने जितकी घटली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. मग सहा महिने बेताबेताने सराव दिल्यावर वयाने गेलेलं जवळजवळ सगळं परत आलं. माणसं पाचच होती, मान्य. तरी या वयात हा पुरावा मी हातचा सोडणार नाही.

अलीकडे एका ओळखीच्या बाईंनी वेगळ्याच आवाजात विचारलं. त्यांना उठावंसंच वाटत नाही, कशातच नाही, बरेच महिने. त्यांना मी टॉवेलची गोष्ट सांगितली नाही. आधी डॉक्टरांकडे जा म्हटलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, आणि हे "वाटत नाही" त्यांना याच शब्दांत सांगा, लाजू नका. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं मन कमकुवत नाही ना?" नाही, म्हटलं. हे मी ठामपणे म्हणाले. व्यायामाचं काय करायचं ते तपासण्या झाल्यावर बोलायचं ठरलं आहे.